दुसऱ्याचं बघून उचललेली आणि खरंच टिकलेली कामाची सवय आहे का कुणाकडे?

मुग्धा_के
नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी घरून भाषांतराचं काम करते, इंग्रजीचं मराठी. औषधाच्या खोक्यात घडी करून ठेवलेले कागद असतात ना ते, विम्याची पत्रकं, मधेच कधीतरी सबटायटल्स. एक कंपनी नाही, पाच-सहा एजन्स्या आहेत आणि प्रत्येकीला आपलंच काम अर्जंट वाटतं. घरात सासूबाई, दुसरीतली लेक, नवऱ्याची फिरती शिफ्ट. सकाळी साडेसातला मुलीची व्हॅन, अकराला भांड्याच्या मावशी, साडेबाराला व्हॅन परत. मधे जे काय हाताला लागतं त्यात काम आणि उरलेलं रात्री सगळे झोपल्यावर.

तर आता प्रश्न. पहाटे पाचला उठा, थंड पाण्याने आंघोळ करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, सकाळी सगळ्यात अवघड काम आधी करा, हे सगळं बघून आणि थोडंफार करूनही झालंय. डायरी झाली, ॲप झालं, फ्रिजवर रंगीत चिठ्ठ्या झाल्या (त्या सासूबाईंनी काढून डब्यांना लावल्या, तिथे त्यांचा उपयोग जास्त झाला). आठवडाभर भारी वाटतं मग येरे माझ्या मागल्या. त्यामुळे व्हिडिओतलं नकोय. तुम्ही कुणाला तरी प्रत्यक्ष करताना बघितलंत, ऑफिसातला माणूस, रूममेट, आत्या, शेजारचा दुकानदार कुणीही, ते उचललंत आणि अजूनही करताय, असं काही असेल तर सांगा. आणि उचलताना त्यात काय बदल करावा लागला तेही सांगा प्लीज, कारण माझं गाडं तिथेच अडतंय असा संशय आहे.

निशाचर
वाखु (वाचनखूण) साठवली. निवांत वाचेन.
(आत्तापर्यंत अशा किती धाग्यांच्या वाखु साठवल्यात ते विचारू नका.)

गाडीवान
पुणे-मुंबई पासवाला आहे, त्यामुळे माझं सगळं शिक्षण गाडीतच झालंय. कोसंबींचं ऐकलं असेल तुम्ही, डी. डी. कोसंबी, गणितातले आणि इतिहासातलेही, ते १९६२ पर्यंत मुंबईला टीआयएफआरमध्ये (टाटांची मूलभूत संशोधन संस्था) होते आणि राहायचे पुण्यात, डेक्कन क्वीनने ये-जा करायचे. पास काढला तेव्हा डोक्यात हेच की आपणही गाडीत काहीतरी भरीव करायचं. जाडजूड पुस्तक घेतलं. शिवाजीनगर सुटलं की झोप.

मग आमच्या डब्यात एक बँकेतल्या मॅडम आहेत त्यांच्याकडे लक्ष गेलं. त्या घड्याळ बघतच नाहीत. लोणावळ्यापर्यंत लॅपटॉप, ऑफिसच्या मेल आणि अप्रूव्हल वगैरे काय असेल ते. लोणावळा आलं की लॅपटॉप बंद, कारण पुढे घाटात बोगदे आणि नेट जातं येतं जातं येतं, त्या वेळात फक्त छापील वाचायचं, आदल्या दिवशी प्रिंट काढून आणलेलं. कर्जत गेलं की डोळे मिटून दादरपर्यंत पडायचं. रोज हेच. मी एकदा विचारलं की मॅडम हे कुठे शिकलात, तर म्हणाल्या शिकायचंय काय त्यात, नेट नसताना मेल उघडून चिडचिड करण्यापेक्षा नेट नसताना होणारं काम त्या वेळेला ठेवलं, बास.

मी तेच उचललं, फक्त उलटं केलं, लोणावळ्यापर्यंत झोप आणि घाटात वाचन कारण मला सकाळी डोकंच चालत नाही. जाडजूड पुस्तक आता घाटापुरतं चालतं, सावकाश पण चालतं. तुमच्याकडे व्हॅन आणि मावशी हीच स्टेशनं आहेत की. मावशी आल्यावर भांड्यांचा आवाज सुरू झाला की कुठलं काम होऊ शकतं आणि कुठलं नाही एवढं जरी ठरवलंत तरी पुरे.

मुग्धा_के
@गाडीवान, हे भारी आहे. मावशी असताना मी नेमकं सबटायटल्सचं काम घेऊन बसते, म्हणजे संवाद ऐकायचे! आणि मग मावशींवर चिडते. त्या वेळात बिलं किंवा शब्दसूची करता येईल, त्याला कान लागत नाहीत.

रेवाची_आई
मुग्धा, तुझ्या त्या पहाटे पाचवाल्या वाक्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. आमच्याकडे शिस्तीचा विषय निघाला की ट्रोलपचं नाव हटकून निघतं, अँथनी ट्रोलप, एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश कादंबरीकार. हा माणूस पोस्टखात्यात पूर्णवेळ नोकरी करून शिवाय ढिगाने कादंबऱ्या लिहायचा. पहाटे साडेपाचला टेबलावर, समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटांना २५० शब्द, असे तीन तास आणि मग नाश्ता. पुरुष प्राध्यापक हे सांगताना अगदी भारावून जातात.

आता पुढचा भाग, जो सहसा कुणी सांगत नाही. त्याच्याकडे एक म्हातारा नोकर होता, त्याचं काम याला उठवायचं आणि कॉफी आणून द्यायची, आणि त्यासाठी त्याला वर्षाला ५ पौंड जादा मिळायचे. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, ट्रोलपने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, आणि वर असंही म्हटलंय की माझ्या यशाचं देणं कदाचित इतर कुणाहीपेक्षा याच माणसाला जास्त लागतं. प्रामाणिक होता बिचारा. आपल्याकडचे पहाटवाले तेवढेही कबूल करत नाहीत. तेव्हा इथून पुढे कुणीही आपलं वेळापत्रक सांगायला लागलं की मी एकच विचारते, तुमचा चहा कोण करतं, डबा कोण भरतं, आणि आईला दवाखान्यात कोण नेतं. उत्तर आलं की वेळापत्रक कळतं.

म्हणून मी त्याचं साडेपाच घेतलं नाही. एक दुसरी गोष्ट घेतली जी या गडबडीत हरवते. तो रोज सुरुवातीला आदल्या दिवशीचं लिखाण परत वाचायचा, अर्धा तास तरी जायचा त्यात, आणि मगच नवीन. पीएचडीच्या वेळेस माझा सगळा त्रास सुरुवातीचाच होता, कोरी फाइल उघडली की भांडी घासायलासुद्धा मन तयार व्हायचं. कालचं पान वाचत, कॉमे दुरुस्त करत बसलं की कधी पुढे लिहायला लागले ते कळायचं नाही. अर्धा तास माझ्याकडे नव्हता, दहा मिनिटं केली. घरी जमायचं नाही म्हणून कॉलेजच्या लायब्ररीत करायचे, मोकळ्या तासाला. स्टाफरूममध्ये नाही हं, तिथे चहा आणि बदल्यांच्या बातम्या.

आणि तो ५ पौंडवाला मुद्दा नवऱ्यापुढे ठेवला. रेवाचा सकाळचा डबा तेव्हापासून त्याच्याकडे. पोळीभाजीऐवजी आठवड्यातून दोनदा सँडविच असतं, मी बघून न बघितल्यासारखं करते. सवयीपेक्षा याचाच उपयोग जास्त झाला असं माझं प्रामाणिक मत आहे.

चकलीवाली
रेवाची_आई, +१००. चहा कोण करतं हा प्रश्न फ्रेम करून लावला पाहिजे.

खडूस_म्हातारा
पूर्वी लोक कामं करायचे. आता कामं कशी करायची यावर धागे काढतात. धागा सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी निघालाय, म्हणजे व्हॅन गेल्यावर आणि मावशी यायच्या आधी. तोच तुमचा सोन्यासारखा वेळ होता की ताई.
चालू द्या.

मुग्धा_के
काका, एक माहितीपत्रक देऊन झालं होतं हो! पण मुद्दा लागला.

अभ्यासिकेतला_पक्षी
सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षा करत होतो, आता नोकरीत आहे. या विषयावर आमच्याइतका अनुभव कुणाला नसेल, कारण तिथे सगळी इंडस्ट्रीच दुसऱ्याच्या सवयीवर चालते. रिझल्ट लागला की यशवंतांचे सत्कार, मार्गदर्शन, मग तो स्टेजवरून सांगणार की मी रोज बारा तास बसायचो, सोशल मीडिया बंद, लग्नकार्य बंद. की दुसऱ्या दिवशी अख्ख्या अभ्यासिकेत बारा तासांचं टाइमटेबल भिंतीला. अरे पण बारा तास बसून प्रिलिमला उडालेले माझ्या शेजारच्याच डेस्कला होते, त्यांना कोण स्टेजवर बोलावणार? त्यांचंही टाइमटेबल तेच होतं. त्यांच्याशी बोललो असतो तर जास्त कळलं असतं असं आता वाटतं, पण तेव्हा नापास झालेल्याचं ऐकायला कुणालाच नको असतं, जणू संसर्ग होईल.

मला जे मिळालं ते रूममेटकडून. तो जालन्याकडचा, घरची शेती, बापाला मदतीला सुगीत जायलाच लागायचं त्यामुळे बारा तास वगैरे त्याला शक्यच नव्हतं. तो मागच्या वर्षांचे पेपर सोडवायचा आणि जे चुकेल ते एका दोनशे पानी वहीत लिहायचा. पण नुसता प्रश्न आणि उत्तर नाही, पुढे एका शब्दात कारण. माहीत नव्हतं. घाई. दोनात अडकलो. प्रश्नच नीट वाचला नाही, "योग्य नसलेले विधान निवडा" मधलं नसलेले दिसलंच नाही. महिन्याच्या शेवटी मेसवरून आल्यावर तो ते शब्द मोजायचा. माझी वही मोजली तेव्हा माहीत नव्हतं हे कारण बरंच खाली होतं आणि घाई सगळ्यात वर. मी आपला माहिती वाढवायला नवनवीन पुस्तकं आणत होतो! निगेटिव्ह मार्किंगमध्ये घाई म्हणजे सरळ नुकसान. मग पुस्तकं थांबवली आणि पेपर लावून वाचायची सवय केली, प्रश्नातल्या नाही-नसलेले-वगळता खाली पेन्सिलने रेघ. लहान मुलासारखं वाटतं पण होतं.

बदल म्हणाल तर तो दर महिन्याला मोजायचा, मला धीर नव्हता, मी दर रविवारी. ऑफिसातही करतो अजून, टिपणी परत आली की का परत आली ते वहीत.

मुग्धा_के
@पक्षी, अरे हे तर माझ्यासाठीच आहे. माझ्याकडे एजन्सीच्या तपासलेल्या फायली लाल करून परत येतात, मी मुकाट्याने ॲक्सेप्ट ऑल करते आणि पुढचं काम घेते. कारण कधी लिहिलंच नाही. अंदाज आहे की आकड्यांची आणि डोसच्या युनिटची घाई निघेल.

कोडगा
(सॉफ्टवेअरवाला आहे म्हणून कोडगा, स्वभावाने नाही)

सगळ्यांसारखं मीही पोमोडोरो केलं, ते २५ मिनिटं काम ५ मिनिटं सुट्टी. फ्रान्चेस्को चिरिलो म्हणून इटालियन माणूस, १९८०च्या दशकाच्या शेवटी कॉलेजात होता, अभ्यास होईना म्हणून स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर लावून बसला, तिथून ते निघालं. म्हणजे मूळ बघा, अभ्यासाला बसवत नसलेल्या पोराचा तो उपाय आहे. माझा प्रॉब्लेम बसण्याचा नाहीये, मी बसलो की उठत नाही. नेमका बग हाताला लागतोय आणि टायमर वाजतोय, आणि आपण नियम म्हणून उठतोय, डोक्यातलं सगळं सांडलं. आता फक्त टाइमशीट भरणे, फॉर्म, असल्या कंटाळवाण्या कामाला लावतो, तिथे मस्त चालतं. त्यामुळे मुग्धा म्हणतायत तसं आधी बघायचं की ही सवय ज्याने काढली त्याला दुखत काय होतं. आपल्याला तिथे दुखत नसेल तर कशाला लावायचं ते मलम.

टिकलेली सवय मात्र घरातली आहे. बायको स्टाफ नर्स आहे. ड्युटी बदलते तेव्हा त्यांच्यात ओव्हर देतात, म्हणजे जाणारी सिस्टर येणारीला एकेका बेडजवळ उभं राहून सगळं सांगते. सात नंबर, काल ऑपरेशन झालंय, ही दुसरी सलाईन, दोन वाजता ताप आलेला गोळी दिलीये, रक्ताचा रिपोर्ट यायचाय तो आला की आधी डॉक्टरांना फोन, नातेवाईक चिडलेत जरा सांभाळून. ओव्हर दिल्याशिवाय घरी जायचं नाही, कितीही उशीर होवो. मी एकदा तिला आणायला गेलो होतो तेव्हा बाकड्यावर बसून हे ऐकलं आणि मला वाटलं आपण संध्याकाळी लॅपटॉप नुसता मिटतो आणि सकाळी पाऊण तास काल कुठे होतो हे शोधण्यात घालवतो.

तेव्हापासून उठताना ओव्हर लिहितो, उद्याच्या मला. कुठे थांबलोय, काय करून बघितलं आणि चाललं नाही, कुणाची वाट बघतोय, आणि सकाळी उघडल्या उघडल्या पहिलं काय. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि ते "लॉगिन मॉड्यूल बघणे" असं मोघम नसतं, "अमुक फाइल उघड, टाइमआउट वाढवून टेस्ट चालव" इतकं ढोबळ डोक्यालाही कळेल असं. बायकोचा फॉरमॅट मोठा होता, त्यात ताप-बीपी सगळं, मी चार ओळींवर आणला. पाचवी ओळ झाली की लिहायचा कंटाळा येतो हे माहीत आहे. मुग्धा, तुमचं काम तर दिवसातून तीनदा तुटतं, तुम्हाला व्हॅन आली की ओव्हर द्यायला पाहिजे. व्हॅनचा हॉर्न वाजल्यावर नाही, त्याच्या पाच मिनिटं आधी.

गाडीवान
कोडगा, ढोबळ डोक्याला 😄 उद्यापासून लोणावळ्याला ओव्हर.

सांगलीकर
आमच्या धंद्यात (टॅक्सचं काम) तारीख हीच सवय. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-वन, २० ला थ्रीबी (ही दोन जीएसटीची विवरणपत्रं), तारीख चुकली की लेट फी आणि व्याज. माझे सीनियर पक्षकारांना खरी तारीख कधीच सांगायचे नाहीत, वीसचं काम असेल तर कागद दहापर्यंत पाहिजेत म्हणून आठवड्याआधीपासून मागे लागायचे. मी पण तेच करतो. पण एक आहे, ही युक्ती दुसऱ्यावर चालते स्वतःवर नाही चालत, स्वतःला खोटी डेडलाइन दिली तर आतल्या माणसाला माहीत असतं की खरी वीस आहे. म्हणून एजन्सीकडून शंकांची उत्तरं मागवताना वापरा, स्वतःसाठी नको. बाकी भिंतीवरचं कालनिर्णय झिंदाबाद, आमच्या आईचं दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, बाईची सुट्टी, सगळं त्या चौकोनात असतं आणि कुणालाही बघता येतं. मोबाइलमधलं रिमाइंडर फक्त आपल्यालाच दिसतं त्यामुळे गिळून टाकता येतं.

अव्वल_कारकून
मुग्धाताई, धागा वाचला. मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. सरकारी कचेरीकडून कामाची सवय शिका म्हटलं तर मंडळी हसतील, हसू देत.

आमच्याकडे सहा गठ्ठा पद्धत आहे. नवीन नाही, पूर्वापार आहे, पण जिथे ती नीट पाळली जाते त्या टेबलावरचं काम तुंबत नाही हे मी डोळ्यांनी पाहिलंय. लिपिकाच्या टेबलावर जे जे येईल ते सहापैकी एका गठ्ठ्यातच असलं पाहिजे. प्रलंबित प्रकरणे, म्हणजे ज्यात मलाच काहीतरी करायचंय. प्रतीक्षाधीन प्रकरणे, म्हणजे माझं करून झालंय, दुसऱ्या कार्यालयाकडून अहवाल किंवा उत्तर यायचंय. नियतकालिके, म्हणजे ठरल्या मुदतीला जाणारी विवरणपत्रं. स्थायी आदेश, नियम-परिपत्रकं ज्यांचा संदर्भ परत परत लागतो. अभिलेख कक्षात पाठवायची, म्हणजे संपलेली पण जपायची. आणि नष्ट करायची.

मला हे पुस्तकातून कळलं नव्हतं, प्रशिक्षणात नुसतं पाठ केलं होतं. कळलं ते माझ्या पहिल्या टेबलाशेजारी बसणाऱ्या भाऊसाहेबांमुळे. त्यांचा प्रलंबितचा गठ्ठा नेहमी बारका आणि प्रतीक्षाधीनचा जाड. आणि प्रतीक्षाधीनच्या प्रत्येक संचिकेवर वरच्या कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीने एक तारीख. ती तारीख म्हणजे स्मरणपत्र काढायचा दिवस. त्या दिवशी स्मरणपत्र काढलं की जुनी तारीख खोडून पुढची टाकायची. साहेबांनी हाक मारली की ते म्हणायचे "साहेब, तहसीलदारांकडे अहवाल मागितलाय, दुसरं स्मरणपत्र गेलंय, सोमवारी फोन करतो" आणि बाकीचे आम्ही "बघतो साहेब" म्हणून गठ्ठे उपसत बसायचो. डोक्यावर ओझं वाटतं त्यातलं निम्मं खरं तर आपल्याकडे नसतंच हो, दुसऱ्याच्या टेबलावर असतं, पण वेगळं काढलेलं नसल्यामुळे आपल्या छातीवर बसतं.

आता दुसऱ्याचं उचलण्याबद्दल. १९८०च्या दशकात नगरला लखीनासाहेब कलेक्टर होते, त्यांनी कचेरीची मांडणी, दप्तर, लोकांचे अर्ज घेण्याची पद्धत सगळं बदललं, लखीना पॅटर्न म्हणून ते राज्यभर गाजलं. पुढे इतर ठिकाणी ते न्यायचं ठरलं तेव्हा मी एका कचेरीत असं पाहिलंय की कपाटांना रंग दिला, पाट्या रंगवल्या, बसायची जागा बदलली, आणि आतलं दप्तर होतं तसं. पाहायला गेलेल्या माणसाला डोळ्यांना दिसतं तेच तो घेऊन येतो. तुमच्या त्या रंगीत चिठ्ठ्यांचं तेच झालं असावं, राग मानू नका.

निवृत्तीनंतर मी सोसायटीचा सचिव झालोय (फुकटचा), तिथे हेच चालवतो. टाकीची सफाई, लिफ्टचा मेंटेनन्स करार, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा हे नियतकालिक. प्लंबर येतो म्हणाला आणि आला नाही हे प्रतीक्षाधीन. बदल एवढाच केला की गठ्ठे नाहीत, एकाच वहीचे सहा भाग आणि नष्ट करायचं लगेच नष्ट करतो, कचेरीत ते करायला मंजुरी लागायची.

तुमच्याबाबत सांगायचं तर एजन्सीला विचारलेली शंका आणि न आलेलं बिलाचं पेमेंट हे दोन्ही प्रतीक्षाधीन. त्यावर तारीख टाका. शब्दसूची आणि प्रत्येक एजन्सीचे लेखनाचे नियम स्थायी आदेशात. पहिल्या गठ्ठ्यात फक्त आज भाषांतर करायचं ते राहिलं तर तो किती बारका निघेल बघा.

चकलीवाली
दंडवत घ्या काका. सरकारी ऑफिसचं असं कौतुक या साइटवर पहिल्यांदाच वाचतेय.

रेवाची_आई
तांबड्या पेन्सिलीची तारीख! आमच्याकडे विद्यापीठाला पाठवलेल्या पत्रांवर हे कुणीच करत नाही, आणि मग वर्षभर "पाठवलंय" एवढंच.

निशाचर
अव्वल कारकून काका, एक शंका. हल्ली कामं कागदावर येतच नाहीत. व्हॉट्सॲपवर "जरा हे बघ ना", फोनवर बोलता बोलता, लिफ्टमध्ये. ते कुठल्या गठ्ठ्यात?

अव्वल_कारकून
कुठल्याच नाही, आधी आवक व्हायला पाहिजे. आमच्याकडे तोंडी काम हे काम नाही, अर्ज येतो, आवक नंबर पडतो, तारीख पडते, मग ते कार्यविवरण नोंदवहीत चढतं. सोसायटीतही लिफ्टमध्ये कुणी गळती सांगितली की मी म्हणतो "ग्रुपवर टाका". निम्मे लोक टाकत नाहीत. टाकलं की मी रात्री जेवणाआधी एकदा बसून वहीत चढवतो, येता-जाता चढवत नाही. दिवसातून एकदाच आवक.

खडूस_म्हातारा
हे मात्र पटलं. निम्मे लोक टाकत नाहीत हे वाक्य विशेष.

मुग्धा_के
सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळं एकदम करणार नाहीये, परत डायरीसारखं होईल. आत्ता काकांचं पहिलं घेतलं. काल रात्री मुलगी झोपल्यावर मेल उघडून नुसती विभागणी केली. माझ्याकडचं म्हणून जे जे वाटत होतं त्यात खरोखर माझ्याकडची तीन कामं निघाली. बाकी सगळं कुणीतरी उत्तर द्यायचंय, कुणीतरी पीओ (कामाची लेखी ऑर्डर) पाठवायचाय, एका एजन्सीकडे दोन बिलं अडकलीत. लगेच स्मरणपत्रं काढली, तारखा टाकल्या, लाल पेन नव्हतं म्हणून लेकीचा स्केचपेन. मावशींच्या वेळात आता बिलं. कोडगांचं ओव्हर सोमवारपासून, तेव्हा मोठं काम सुरू होतंय. नवऱ्याला ५ पौंडांचं वाचून दाखवलं, तो म्हणाला पौंडाचा भाव काय आहे आज.

आणि एका स्मरणपत्राला आज सकाळीच उत्तर आलं. "मॅडम, आम्ही याचं उत्तर मागच्याच महिन्यात पाठवलंय, कृपया स्पॅम फोल्डर बघा."

निशाचर
😂😂

अव्वल_कारकून
म्हणजे स्मरणपत्राचा उपयोग झाला. आवक नोंद करा.

खडूस_म्हातारा
स्पॅमचा सातवा गठ्ठा करा.